बाणांसकट नाव

आमच्याकडे लग्नात भाजी कमी पडली तर लोक एखाद वेळी विसरून जातात, पण नाव घ्यायचं राहिलं तर विसरत नाहीत. अक्षता पडायच्या आधी माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारतात, फेटा बांधतात, नारळ हातात देतात. ज्यांचं नाव राहतं ते तिथं भांडत नाहीत. उठतात, चपला शोधतात आणि न जेवता गाडीत जाऊन बसतात. मग कुणीतरी वर्षभर त्यांच्या घरी चकरा मारून समजूत काढत राहतं.

हे सगळं मी कूलरच्या मागच्या खुर्चीवरून पाहत आले आहे. लग्नात मी तीच खुर्ची धरते, कारण तिथल्या आवाजात कुणी बोलायला येत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. लहानपणी नातेवाइकांत तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "बघा, कॉन्व्हेंट बोललं." सगळे हसायचे. ते वाईट नव्हते, फक्त हसायचे. पण मी बोलणं कमी केलं ते कायमचं. उरलेला वेळ बघण्यात जायचा. मंडपाच्या तोंडाशी लावलेले फ्लेक्स मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत वाचायचे. नावाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या कुणी काढल्यात, बाण कुणी काढलेत, 'आणि समस्त मित्रपरिवार' कुणी लिहिलंय, हे मला पाठ असायचं. त्याचा पुढे नोकरीत उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नोकरी धाराशिवातच. बसस्थानकाजवळ मोबाईलच्या दुकानावर एका खोलीचं ऑफिस, तिथं आम्ही वेबसाइट बनवतो. ऑफिस ज्याचं आहे त्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. काम करणारे तो आणि मी, दोघंच. आमचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे मोठे एलईडी पडदे भाड्यानं देणारे एक काका. पूर्वी ते स्वतः लग्नात माईकवर नावं पुकारायचे. आवाज बसला तसे पडद्याच्या धंद्यात आले. कल्पना त्यांचीच होती. पाहुण्यांनी मोबाईलवर कोड स्कॅन करायचा, आपलं नाव, गाव, शुभेच्छा लिहायच्या, आणि ते लगेच व्यासपीठामागच्या पडद्यावर झळकायचं.

"नाव ऱ्हायचा विषयच संपला बघा," काका म्हणायचे. "ज्याचं त्यानं लिवायचं."

मी ऑफिसात आले त्याच्या आधीच दादानं ते बनवलं होतं आणि ते लग्नांत चालतही होतं. मला फक्त रंग बदलायला सांगितले होते. रंग बदलताना मी बाकीचं वाचलं, आणि वाचताना हात थांबला.

पाहुणा जे लिहील ते जसंच्या तसं पानात ओतलं जात होतं. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्राउझरला पानावरचा मजकूर आणि पानाला दिलेले हुकूम एकाच कागदावर मिळतात. हुकूम ओळखायची खूण म्हणजे कीबोर्डवरचे ते दोन बाणासारखे कंस. बाणांच्या मध्ये जे येईल ते दाखवायचं नसतं, पाळायचं असतं. म्हणून बाहेरच्या माणसानं लिहिलेला मजकूर पानावर ठेवताना बाणाच्या जागी त्याचा निरुपद्रवी पर्याय ठेवतात. ब्राउझर मग बाणाचं चित्र काढतो, हुकूम मानत नाही. याला एस्केप करणं म्हणतात. आम्ही वापरतो ते साधन हे आपोआप करतं. दादानं ते मुद्दाम बंद करून ठेवलं होतं.

मी कारण विचारलं.

"अगं, एका लग्नात पुढारी आले होते. त्यांचं नाव मोठं आणि लाल पाहिजे होतं. आयत्या वेळी काय करणार? शुभेच्छेच्या डब्यातच बाणांतला हुकूम, म्हणजे टॅग, टाकला, झालं लाल."

एका पुढाऱ्याचं नाव लाल व्हावं म्हणून आम्ही प्रत्येक पाहुण्याला पडद्यावर हुकूम सोडायची मुभा देऊन ठेवली होती. मी एवढंच म्हणाले, "हे बंद करायला हवं."

"लग्नात कोण हॅकर येतोय?" दादा म्हणाला. "लोक जिलबी खायला येतात."

मला वाद घालता येत नाही. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथं रांग लावतात. म्हणून मी टाइप केलं. चाचणीचं पान ऑफिसच्या टीव्हीवर लावलेलं होतं. काका त्या दिवशी चहाला आले होते, त्यांच्यासमोरच मी माझ्या मोबाईलवरून बाणांत हुकूम लिहून एक शुभेच्छा पाठवली. पाहुण्यांची नावं, फुलांची चौकट, वधूवरांचा फोटो, सगळं एका क्षणात गेलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य उरलं: हे लग्न रद्द झाले आहे.

काकांचा कप तोंडापाशी थांबला.

"ह्ये कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. "मोबाईलवरून. कुणालाही करता येईल."

"पण असं कुणी करंल व्हय?"

तेव्हा मला चिठ्ठ्या आठवल्या. "काका, तुम्ही माईकवर असायचात तेव्हा नावांच्या चिठ्ठ्या यायच्या ना? कधी भलतीच चिठ्ठी आली नाही?"

काका पोट धरून हसले. "माकणीला! लई मोठं लग्न होतं. चिठ्ठ्यांचा ढीग. म्या आपला एकामागं एक वाचतोय. एक चिठ्ठी उचलली न् वाचली, 'मंडळींनी जेवायला बसून घ्यावं.' अक्षता पडायच्या होत्या अजून! निम्मा मंडप उठून पंगतीत. नवरदेव पाटावर एकटा. नवरीच्या बापानं मला माईकसकट बाहेर काढलं."

"त्या चिठ्ठीत नाव असायला हवं होतं. हुकूम होता, आणि तुम्ही तो पाळला."

"मग काय करायचं होतं? फाडायची होती?"

"नाही. 'मंडळींनी जेवायला बसून घ्यावं अशा नावाचे एक पाहुणे आले आहेत, त्यांचं स्वागत,' असं म्हणायचं. लोक हसले असते. उठलं कुणी नसतं."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग दादाकडे वळून म्हणाले, "दुरुस्त करून घ्या मग."

दादानं दुरुस्त केलं, पण मी सांगितलं तसं नाही. गिऱ्हाइकासमोर कमीपणा आला होता, आणि तो त्याला माझ्याच पद्धतीनं भरून काढायचा नव्हता. त्यानं चाळणी बसवली. पाहुण्याचा मजकूर आत येतानाच त्यातले बाण आणि बाणांच्या मधलं सगळं कापून टाकायचं. उरेल ते साठवायचं, उरेल ते दाखवायचं. लाल नावाची सोय त्यानं स्वतःच्या पानावर ठेवून घेतली.

"बाणच नाहीत तर हुकूम कुठून येणार? एकदम सेफ."

"येताना कापू नका," मी म्हणाले. "आहे तसं ठेवा. दाखवताना सांभाळा."

"फरक काय?"

फरक मला इतका स्वच्छ दिसत होता की सांगताच येईना. तेच नाव पडद्यावर जातं, तेच फोटोखाली जातं, तेच लग्नानंतर पाठवायच्या लिंकमध्ये जातं. प्रत्येक ठिकाणचे धोके वेगळे, म्हणून सांभाळायची रीतही वेगळी. दारातच कात्री घेऊन बसलं तर पुढं कुठं काय लागणार हे तिथं कळत नाही, आणि कापलेलं परत मिळत नाही. शिवाय लोक बाण लिहितात. मुलं बाण आणि तीनचा आकडा जोडून बदामाचं चिन्ह करतात. मोठी माणसं फ्लेक्सवर असतात तसे नावाच्या दोन्ही बाजूंना बाण काढतात. यातलं मी निम्मंच बोलले, तेही अडखळत.

"लग्नात बाण कोण लिहितं?"

"बरेच लोक."

"तू लग्नात जातेस तरी का? आणि गेलीस तर बोलतेस का कुणाशी?"

"वाचते," मी म्हणाले.

तो हसला. मी माझ्या लॅपटॉपवर दुसरी आवृत्ती करून ठेवली. त्यात बंद केलेली एस्केपची सोय परत चालू केली होती आणि लाल नावासाठी वेगळी खूण ठेवली होती, जी फक्त आम्हालाच करता येईल. काम मोठं नव्हतं. दादाला दाखवली तर त्यानं पाहिलीही नाही.

"ऑफिस कुणाचं आहे?"

"तुमचं. पण हे चूक आहे, दादा."

माझे कान तापले होते. मी कुणाला तोंडावर चूक म्हटल्याचं मला आठवत नाही. दादानं खुर्ची फिरवली आणि खिडकीला सांगितलं, "कॉन्व्हेंट बोललं."

इतक्या वर्षांनी, नात्याबाहेरच्या माणसाकडून, अगदी तेच वाक्य. पण या वेळी मी गप्प झाले ती लाजून नाही.

त्यानंतरचं लग्न तामलवाडीजवळच्या मंगल कार्यालयात होतं. दादा दुसऱ्या कामाला सोलापूरला गेला होता, म्हणून लॅपटॉप घेऊन व्यासपीठाच्या बाजूला मी बसले होते आणि माझ्याशेजारी काका. कूलर समोरच्या टोकाला होता. तिथं माझ्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं मला दिसत होतं.

पडद्यावर नावं झरझर येत होती. लोक आपलं नाव आलं की मोबाईलमध्ये फोटो काढायचे, दुसऱ्याला कोपर मारून दाखवायचे. पहिल्या रांगेत नवरीचे मामा बसले होते. तेरखेड्याचे, फटाक्याच्या कारखानदारीतले. डोक्याला भगवा फेटा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. लग्नातली सगळी आतषबाजी त्यांच्याकडून होती. गाडी भरून आणली होती आणि ती बाहेर लांब, सावलीला उभी केली होती. त्यांनी स्वतः चष्मा लावून, एका बोटानं, बराच वेळ घेऊन नाव लिहिलेलं मी पाहिलं होतं. लिहून झाल्यावर मोबाईल खिशात ठेवला आणि हात मांडीवर ठेवून ते पडद्याकडे बघत बसले.

नाव आलं नाही.

त्यांच्या मागून लिहिणाऱ्यांची आली. नवरदेवाच्या मित्रांची आली, आचाऱ्याचंही आलं. मामांनी एकदा मान वळवून बहिणीकडे, म्हणजे नवरीच्या आईकडे पाहिलं. मग उठले. चपला शोधल्या. बाहेर गेले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग भटजींनी माईकवरून सांगितलं, "मामा, मुलीला घेऊन या." मामांनीच नवरीला अंतरपाटापाशी आणायचं असतं. मामा नाहीत. पुन्हा पुकारलं. नवरदेव अंतरपाटासमोर हार घेऊन उभा आणि अंतरपाटाच्या अलीकडे कुणीच नाही. नवरीची आई धावत बाहेर गेली आणि डोळे पुसत परत आली.

"गाडीत बसलाय. म्हणतो, 'साऱ्या जगाचं नाव आलं, माझंच तेवढं जड झालं. दुसरा मामा बघा.'"

"लिवलं न्हाई आसंल त्यांनी," कुणीतरी म्हणालं.

"लिहिलंय," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "मी पाहिलंय."

मी साठवणीत पाहिलं. मामांनी लिहिलं त्या वेळची एक ओळ होती, पूर्ण रिकामी. पाहिल्याबरोबर कळलं. मामांनी नावाच्या दोन्ही बाजूंना बाण काढले होते, फ्लेक्सवर असतात तसे. चाळणीनं पहिल्या बाणापासून शेवटच्या बाणापर्यंत सगळं नाव हुकूम समजून कापलं होतं. आणि दारातच कापल्यामुळे ते आमच्याकडे कुठंच उरलं नव्हतं. मला ते परत आणता येत नव्हतं.

मी दादाला फोन लावला.

"चाळणीनं मामांचं नाव खाल्लं. लग्न थांबलंय. मी माझी आवृत्ती चढवतेय."

"हात लावू नको! मध्येच पडदा काळा झाला तर? हातानं टाक ना त्यांचं नाव."

"त्यांनी काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. आणि पुढच्या माणसाचं पुन्हा जाईल."

"मी सांगतोय हात लावू नको. लावलास तर उद्या यायचं नाही."

काका माझ्याकडे बघत होते. फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू जात होता. पडदा त्यांचा, मुहूर्त टळत चाललेला, आणि मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"लावते आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

चाळणी काढली. माझी आवृत्ती चढवली. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला, इतका वेळ की काकांनी पुटपुटत देवाचं नाव घेतलं. मग फुलांची चौकट आली, वधूवरांचा फोटो आला, एकेक करून नावं परत आली.

पण नाव पुन्हा लिहून घ्यायला बाहेर जावं लागणार होतं, आणि जाणारी मीच होते. काका म्हणाले, "मी जातो." मी म्हटलं, "नको. काय झालं ते त्यांना सांगावं लागेल." अख्ख्या मंडपाच्या नजरांतून मी चालत गेले. हे माझ्यासाठी पडदा बदलण्यापेक्षा कठीण होतं.

मामा पुढच्या सीटवर बसले होते, फेटा मांडीवर.

"मामा, तुमचं नाव तुम्ही लिहिलं होतं. आमच्याकडून गेलं."

"तू कोण गं?"

"पडद्याचं काम बघते."

"मशीनला माझंच नाव गिळायचं होतं व्हय?"

"मशीननं नाही, मामा. आम्हीच तसं करून ठेवलं होतं. तुम्ही दोन्हीकडं बाण काढले होते. बाण आले की कापायचं, असं सांगून ठेवलं होतं मशीनला."

"बाणाचं काय वाकडं आहे?"

"काहीच नाही. आमचं वाकडं होतं. आता काढलंय."

मामांनी माझ्याकडे मान वळवली. माझं बोलणं त्यांना वेगळं लागत असावं, पण ते हसले नाहीत.

"मग आता बिनबाणाचं लिवू म्हणतीस?"

हो म्हणणं सोपं होतं. धोकाही उरला नसता. मुहूर्त जात होता आणि माझ्या आवृत्तीची खरी परीक्षा अजून कुठंच झाली नव्हती. पण मग सगळं कशासाठी केलं होतं? माणसानं आपलं नाव कसं लिहावं हे आम्ही ठरवायचं नाही. आम्ही फक्त ते नीट दाखवायचं.

"नाही," मी म्हणाले. "मघाशी लिहिलं होतं तस्संच लिहा. बाणांसकट."

त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहू लागले. तीन बाण, नाव, 'आणि समस्त मित्रमंडळ, तेरखेडा', पुन्हा तीन बाण. पाठवलं. गाडीतून पडदा दिसत नव्हता. मामा उतरले आणि आम्ही दोघं दारापाशी आलो. आतून आधी काकांचा आवाज आला. माईक त्यांनी हिसकावून घेतला असावा. बसलेल्या आवाजात ते पडद्यावरचं वाचत होते, आणि पडद्यावर मामांचं नाव होतं, दोन्ही बाजूंचे बाण शाबूत.

मामांनी फेटा डोक्यावर ठेवला, हातानं चाचपला आणि आत शिरताना मला म्हणाले, "डाव्या अंगाचा एक बाण कमी दिसतोय का गं?"

"तीन आहेत, मामा."

"मग ठीक."

मामा नवरीला अंतरपाटापाशी घेऊन आले, मंगलाष्टकं सुरू झाली. मी लॅपटॉपपाशी परतले तेव्हा पडद्याच्या खालच्या ओळीत एक नवा मजकूर सरकत आला. आइस्क्रीमच्या काउंटरपाशी कॉलेजची काही मुलं मोबाईल उंच धरून चित्रीकरणाच्या तयारीत उभी होती. मजकुरात बाण होते, बाणांत हुकूम होता, सगळा पडदा उलटा करून टाकायचा. मी पडदा बंद करायच्या कळेवर बोट ठेवलं.

पडदा जागचा हलला नाही. हुकूम अक्षर अन् अक्षर दिसत होता, मामांच्या नावाखाली, आणि काहीही करत नव्हता. एका आजींनी तो वाचायचा प्रयत्न केला आणि शेजारणीला विचारलं, "ह्ये कुठल्या गावचे पाव्हणे म्हणायचे?" मुलांनी मोबाईल खाली घेतले. अक्षता पडल्या आणि बाहेर मामांचे फटाके सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. येऊ नको म्हटलेलं होतं, तरी गेले. दादा आधीच बसला होता. काकांचा फोन होऊन गेला होता एवढं त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, पण ते काय बोलले ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"जे झालं ते झालं," तो म्हणाला. "ती चाळणी परत टाक. दोन्ही असू देत, जास्त सेफ."

"नाही टाकणार."

"म्हणजे?"

"तुम्ही टाकू शकता, दादा, ऑफिस तुमचं आहे. मी नाही टाकणार. आणि तुम्ही टाकलीत तर पुढच्या वेळी गाडीत बसलेल्या माणसाकडं तुम्ही जायचं."

त्यानं खुर्ची खिडकीकडे फिरवली. मला वाटलं आता ते वाक्य येईल, कॉन्व्हेंटचं. मी वाटही पाहिली. ते आलं असतं तरी मी तिथंच उभी राहणार होते.

ते आलं नाही. "चहा सांग," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.